पंधरा सुपं

टेपवाडीत घरं सोळा. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते उरलेल्या पंधरा घरांना भांडं उतरायच्या आत कळायचं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार असायची ती आपल्या चुलीवरचं दुसऱ्यांना कळण्याबद्दल.

चौऱ्याऐंशी सालचा श्रावण. भाताची बेणणी चालली होती. चार घरच्या बायका एका मळ्यात ओणव्या होऊन चिखलातून तण ओढत होत्या, आणि पाठ दुखायची थांबत नाही म्हणून तोंडंही थांबत नव्हती. बोलण्याचा विषय एकच होता. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणार होती, आणि पूर्वातली गौर म्हणजे नव्या सुनांचा ओवसा. माहेरून भरलेली सुपं यायची, सुनेने ती गौरीपुढे ओवाळायची आणि सासरच्या थोरामोठ्यांच्या हातात द्यायची. सोनूबाईची सून राही हिच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण दोन्ही वर्षी गौर नक्षत्र चुकवून आली. आता गौरीला कोण बोलणार? त्यामुळे त्याबद्दल जे काही बोलायचं ते सोनूबाई राहीला बोलायची.

शेजारच्या यमुनाबाईने मुठीतलं तण बांधावर फेकलं आणि कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली. "आमच्या काशीच्या म्हायारची धा सुपं येतायत. तुमच्या राहीची किती वो, सोनूवयनी?"

"धा," सोनूबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही, तणही सोडलं नाही.

तोवर तिने राहीला विचारलं नव्हतं, राहीच्या भावाला विचारलं नव्हतं, घरात नवऱ्याशी बोलणं झालं नव्हतं. पाच म्हणाली असती तरी चाललं असतं. रीत पाचाचीच होती. पण यमुनाबाई दहा म्हणाली होती, आणि गेली तीस वर्षं यमुनाबाईच्या घरात जितके असतील तितके डबे सोनूबाईच्या फळीवर असत, मग त्यातले निम्मे रिकामे का असेनात. दोन ओळी पलीकडे राहीचा हात चिखलात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

आठ दिवसांनी राहीचा भाऊ लवू आला. खाडीकाठच्या खारवाडीचा माणूस, काटकुळा, बोलायच्या आधी दोनदा खाकरणारा. पडवीच्या पायरीवर बसला तेव्हा त्याच्या पायांना पडलेल्या भेगा सोनूबाईला माजघरातूनही दिसल्या. खाऱ्या पाण्यात दिवस दिवस उभं राहिलं की पाय तसे होतात. त्याने सोनूबाईच्या नवऱ्याला, रावजीला, सगळं सांगितलं. आषाढाच्या उधाणात खारीचा बांध फुटला. समुद्राचं पाणी आत शिरलं आणि लावलेलं भात दोन दिवसांत कुजलं. आता तो दुसऱ्याच्या बांधावर माती टाकायला जात होता. एवढं सांगून तो पुन्हा दोनदा खाकरला आणि म्हणाला, "ओवसा पुढल्या पूर्वाला केला तर चालंल काय?"

"चालंल की," रावजी म्हणाला. रावजी सगळ्यालाच चालंल म्हणायचा. त्यामुळे त्याच्या घरात त्याच्या म्हणण्यावर काहीच चालत नसे.

सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. "पुढली पूर्वा कवा येल ते गौरीला म्हाईत," ती म्हणाली. "तू यायचं तर ये. मोकळ्या हातानं तेवढा येऊ नको बाबा. लोकं आमाला हसतील."

लवूने मान हलवली. सोनूबाईने त्याला काळा चहा दिला, पण कपात दिला, आणि बशीही दिली. पाहुण्याचं करण्यात आपण कमी पडलो नाही असं तिला पुढे चार दिवस वाटत राहिलं.

मग मात्र तिला झोपेना. दहा म्हणून झालं होतं. राहीला बोलून पाहिलं, ती कळशी घेऊन पाण्याला गेली. रावजीला बोलून पाहिलं, तो म्हणाला, पाच म्हटलं तरी चालंल. शेवटी गणपतीला आठवडा उरला असताना सोनूबाईने अंड्यावरच्या दोन कोंबड्यांचे पाय बांधले, त्या टोपलीत घातल्या आणि कातळावरून पालीचा बाजार गाठला. कोंबड्या ज्या किमतीला गेल्या तिचं दुःख तिने मनातल्या मनात केलं, कारण ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

बुरडीण सुपं एकात एक घालत होती. सोनूबाईने दहा मागितली तेव्हा तिने मान वर करून पाहिलं.

"ओवशाची काय? लेकीची?"

सुनेसाठी सुपं सासू घेत नाही. पालीच्या बाजारात असं आजवर कुणी घेतलं नव्हतं, आणि घेतलं असेल तर त्यानेही असंच उत्तर दिलं असणार. "लेकीची," सोनूबाई म्हणाली. तिला लेक नव्हती.

"भाग्याची हाय बाय तुमची लेक," बुरडीण म्हणाली आणि एका सुपाची निघालेली काडी दातांनी तोडून दिली. "अशी आवस सगळ्यांना मिळत नाय."

परत येताना पाऊस आला. सोनूबाईने सुपं डोक्यावर घेतली, वर इरलं घेतलं आणि नेहमीची वाट सोडून कातळाच्या कडेकडेने आली. लांबून पाहणाऱ्याला इरल्यालाच पाय फुटलेत असं वाटलं असतं. दोनदा घसरली. दुसऱ्यांदा गुडघा फुटला, पण सुपं तिने वर धरली होती. मागल्या दाराने घरात शिरून ती माळ्यावर पेंढ्याआड ठेवली आणि मग गुडघ्याला हळद लावली.

सुपं भरायचं कामही माळ्यावर बसून तिनेच केलं. तवशी वेलावर होती, पडवळ होतं, नारळ आणि केळी घरची. करंडा-फणी आणि बांगड्या पालीहून आणल्या होत्या. मुंबईहून गणपतीला आलेला तिचा मुलगा सदू शिडीवर उभा राहून वरती बघत होता. सदू भायखळ्याला एका तेलाच्या गोदामात होता आणि वर्षातले दहा दिवस बायकोचा नवरा असे.

"लवू पहाटेच्या गाडीनं आला, ठेवून गेला," सोनूबाईने त्याला सांगितलं.

"मंग थांबला का नाय? ओवशाला भाऊस थांबतो."

याचा तिने विचार केला नव्हता. दहा सुपं, दहा नारळ, दहा खण, सगळ्याचा विचार झाला होता आणि भाऊ राहून गेला होता. ती हातातली फणी फिरवत राहिली. "त्याच्या बायलीचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "आज-उद्या हुईल. कसा थांबंल?"

चुलीपाशी राहीने फुंकणी खाली ठेवली.

"मंग काय प्रॉब्लेम नाय," सदू म्हणाला आणि शिडीवरून उतरून विडी ओढायला गेला.

"कुणी इचारलं तर असंच सांग," सोनूबाई राहीला म्हणाली.

"आये, तेवढं नको."

"काय तेवढं?"

"दुसरं कायतरी सांगा."

"दुसरं काय सांगू? मेला म्हणून सांगू?"

राहीने फुंकणी उचलली. जाळ धरला होता, तरी ती फुंकत राहिली.

पाणवठ्यावर विचारणारे होतेच. काशीने विचारलं, यमुनाबाईने दोनदा विचारलं. राही सांगायची. भाऊ आला, सुपं ठेवून गेला, वयनीचे दिवस भरलेत. एवढं बोलून ती कळशी उचलायची, भरली असो वा नसो. तीन दिवस ती अर्ध्या कळश्या आणत होती आणि सोनूबाई तिला त्यावरून बोलत होती.

गौरीपूजनाच्या दुपारी माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी पोरींनी वाजतगाजत आणलेली तेरड्याची गौर मुखवटा लावून, साडी नेसून गणपतीच्या शेजारी बसली होती. तिच्यापुढे दहा सुपं, हळदीच्या दोऱ्याने गुंडाळलेली. वाडीतल्या बायका एकेक सूप बोटाने जरा वर करून आत काय आहे ते पाहत आणि दुसरीकडे बघितल्यासारखं करत. यमुनाबाईने दहाही पाहिली. "चांगला हाय हो तुमच्या राहीचा भाऊस," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघावं म्हणून सोनूबाईने गुडघा फोडून घेतला होता. गुडघा अजून ठणकत होता, आणि तरी तिला वाटलं तेवढं बरं वाटेना.

नैवेद्य झाकायला हळदीचं पान हवं म्हणून ती मागल्या दारी गेली. आणि परसाच्या दगडी गडग्यापलीकडून लवू येताना दिसला. डोक्यावर पाच सुपं, वर धुतलेलं धोतर बांधलेलं. अंगातला सदरा नवा नव्हता, पण घड्या दिसत होत्या. पुढच्या दारी एवढ्या चपला बघून तो मागल्या दाराकडे वळला असावा.

सोनूबाई पानं तिथेच टाकून धावली. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि काही न बोलता त्याला गोठ्यात ओढून नेलं. म्हैस दचकून सरकली. लवूने डोक्यावरचा भारा उतरवला आणि ठेवायला कोरडी जागा शोधू लागला. शेवटी गव्हाणीत ठेवला.

"काकी, वाटेत भिकाजीदादा भेटले," तो दोनदा खाकरून म्हणाला. भिकाजी म्हणजे यमुनाबाईचा नवरा. "बाईल बाळंतपणातनं सुटली काय म्हणून इचारीत हुते. मना काय कळलंच नाय."

 सोनूबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली, बाहेरून कुणाला आतलं दिसू नये अशी.

लवूने तिच्याकडे पाहिलं, मग सुपांकडे. आणि त्याला कळल्यासारखं झालं. जे कळायला हवं होतं ते नाही, वेगळंच.

"पाचच हायत म्हणून काय?" तो म्हणाला. "मोकळ्या हातानं येऊ नको म्हणालाव, म्हणून महिनाभर जादा माती टाकली. धा नाय जमली. लोकांम्होरं दाखवायला लाज वाटत असंल तर मी हितंच बसतो. सगळी गेली की राहीला बोलवा, बघून जाईन."

आणि तो खरोखरच बसला, गव्हाणीच्या कडेला, म्हशीच्या शेपटीपासून सुपं जरा लांब सरकवून.

सोनूबाई तशीच घरात आली. पानं मागल्या दारीच राहिली. कुणीतरी विचारलं, पानं कुठायत, तर ती म्हणाली, मिळाली नाहीत. परसात हळदीची पानं कमरेएवढी वाढली होती आणि दारातून सगळ्यांना दिसत होती.

ओवसा सुरू झाला. राहीने सूप उचललं, गौरीपुढे ओवाळलं, सासऱ्याला द्यायला वळली, तर सासरा जागेवर नव्हता. रावजी म्हशीला पाणी दाखवायला गेला होता. त्याची वाट पाहत सगळ्या थांबल्या. तो आला तो पुढच्या दाराने, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात लवूचा हात.

"गो," त्याने सोनूबाईला विचारलं, "राहीचा भाऊस गोठ्यात बसलाय. कुणी बसवला?"

माजघरात पंचवीस बायका होत्या. पंचवीसही माना सोनूबाईकडे वळल्या.

सोनूबाईने भिंतीला हात लावला. लवूने आत पाहिलं. त्याने गौरीपुढची दहा सुपं पाहिली, राहीच्या हातातलं सूप पाहिलं, राहीचा चेहरा पाहिला. या वेळी त्याला खरोखरच कळलं. तो दोनदा खाकरला.

"मीच बसलो," तो म्हणाला. "पाय शेणाचिखलाचे हुते. सोवळ्याच्या घरात कसा येऊ?"

"आणि ही पाच?" यमुनाबाईने विचारलं. रावजीने भारा खांद्यावरून उतरवून मध्ये ठेवला होता.

"ती पन राहीचीच. त्या दिवशी गाडीत जागा नव्हती. धा आणली, ही रायली."

पंधरा. टेपवाडीत आजवर कुणाची पंधरा आली नव्हती. बायकांमधून जो आवाज उठला तो ऐकायला सोनूबाईने एरवी आणखी दोन कोंबड्या दिल्या असत्या. आता तिला तो पाठीवर पडल्यासारखा लागला. लवू खोटं बोलत होता ते तिच्यासाठी, आणि तिच्याहून चांगलं बोलत होता.

यमुनाबाई पुढे झाली. ती काही वाईट बाई नव्हती. तिला दुसऱ्याच्या घरचं कळायला लागायचं, एवढंच. "बाईल कशी हाय तुमची? सुटली?"

लवूने राहीकडे पाहिलं. राही जमिनीकडे बघत होती.

"सुटली," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मुलगी."

"पयली बेटी, आनि आत्याच्या घरच्या पूर्वाला," यमुनाबाई म्हणाली आणि तिने नैवेद्यातली साखर चिमटीत घेऊन लवूच्या तोंडात घातली. साखर चावायची वस्तू नव्हे, पण लवू बराच वेळ चावत राहिला. मग राहीने पुन्हा सूप ओवाळलं, सासऱ्याला दिलं, नवऱ्याला दिलं. सासूला द्यायची वेळ आली तेव्हा तिने नव्या पाचांतलं एक उचललं. सोनूबाईने ते घेतलं. त्यात दोन केळी, एक चिबूड, एक नारळ आणि बांगड्यांच्या जागी दोरीत ओवलेल्या खाडीतल्या शिंपल्या होत्या.

बायका घरोघर गेल्या आणि लगेच परत आल्या. बाळंतिणीचं घर म्हटलं की हात मोकळा ठेवता येत नाही. यमुनाबाईने डिंक आणला, आणि आपल्या थोरल्याला शिवलेली लाल कुंची, पंचवीस वर्षं जपलेली. काशीने ओवा आणला. कुणी हळीव, कुणी सुंठ, कुणी जुन्या लुगड्याची मऊ बाळोती. लवू प्रत्येकीसमोर दोन्ही हात पुढे करत होता. धोतर सुपांवरून सोडून त्यात सगळं बांधलं आणि गाडी चुकेल म्हणून तो निघाला. राही त्याच्यामागे अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथूनच वळली.

सोनूबाई चुलीपाशी उभी होती. दोन वर्षांत जे विचारायचं सुचलं नव्हतं ते तिने आता विचारलं. "तुझ्या भावाला पोरं किती गो?"

"नायत."

"म्हंजे?"

"लगीन होऊन आठ वर्सं झाली," राही म्हणाली. "दोन पोटातच गेली. तिसऱ्याला वयनी सातव्या म्हयन्यापर्यंत आली हुती, तेबी गेलं. म्हणून म्हटलं, तेवढं नको."

सोनूबाई तशीच बाहेर पडली. पायात वहाण नाही, डोक्यावर पदर नाही. गुडघा वाकत नव्हता, तरी ती कातळावर चढली. पाऊस उघडला होता आणि उन्हाने कातळाचं पाणी चमकत होतं. लवू पुढे चालला होता, डोक्यावर बाळंतिणीचं गाठोडं. त्याला हाक मारायची तर काय म्हणून मारायची ते तिला कळेना, म्हणून ती नुसती धावत राहिली. तिच्या पायांचा आवाज ऐकून तोच थांबला.

"ते गाठोडं दे हिकडं," ती म्हणाली. दम लागला होता. "मी नेते परत. ज्याचं त्याला देते. सगळ्यांना सांगते, मी खोटं बोलले म्हणून. सुपं माझी हुती म्हणून सांगते."

लवूने गाठोडं उतरवलं नाही. "नको काकी."

"का नको?"

"तुमी सांगाल नि मोकळ्या व्हाल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "राहीला हितं रावायचंय. उद्या पाणवठ्यावर तिलाच इचारतील, तू का खोटं बोललीस. भावाच्या पोराचं खोटं बोलली म्हणतील. तुमचं आठ दिवसांत इसरतील, तिचं नाय इसरणार."

"आनि हे?" तिने गाठोड्याकडे बोट केलं.

"आमच्या शेजारणीला दिवस हायत. तिला देईन."

"घरी बाईल इचारील."

"तिला खरं सांगीन," लवू म्हणाला. "ती कायबी ऐकून घेते."

 मग खाली वाकून त्याने एक हात तिच्या पायांना लावला, दुसऱ्या हाताने गाठोडं सावरलं आणि पालीच्या वाटेला लागला. सोनूबाईला त्याला उठवायचं होतं, निदान काहीतरी आशीर्वादाचं बोलायचं होतं. ते बोलायची तिला इतक्या वर्षांची सवय होती, पण पोराबाळांवाचूनचा एकही आशीर्वाद तिला येत नव्हता.

ती परत आली तेव्हा राही मागल्या दारी नैवेद्याची भांडी राखेने घासत होती. गडग्यापलीकडे यमुनाबाई उभीच होती.

"पोचवून आलाव काय? बरं केलाव," यमुनाबाई म्हणाली. "बारशाला जायला हवं वो सगळ्यांनी. एवढी पंधरा सुपं आणली माणसानं. मी म्हणतंय, आपण चौघीजणी जाऊ. नाव काय ठेवणार हायत काय बोलला?"

सोनूबाईने तोंड उघडलं. यमुनाबाई वाट पाहत होती.

"चिमा," राही म्हणाली. तिने मान वर केली नव्हती, हात थांबवला नव्हता. "पन बारसं लांबवतील. वयनीच्या अंगात ताप हाय. दादा कळवील तवा जाऊ."

"चांगलं नाव हाय," यमुनाबाई म्हणाली. "ऊब द्यावी म्हणावं तिला." आणि ती घरात गेली.

या वेळी राहीला कुणी काही सांगितलं नव्हतं. सोनूबाई तिच्या शेजारी खाली बसली. गुडघा दुखला, तिने तो दुखू दिला. तिने एक पातेलं ओढून घेतलं, मूठभर राख घेतली आणि घासायला लागली. ते आधीच घासून झालं होतं. राहीने तिला तसं सांगितलं नाही.